सालीच्या कापडावरचं चित्र

शुक्रवारी दवाखान्यातून सुटल्यावर नालुबेगा सुताराकडे गेली. नज्जेरा उपनगरातल्या रस्त्याकडेला त्याचं छप्पर होतं. पलंग, पाळणे आणि शवपेट्या तो एकाच छपराखाली बनवायचा, आणि कशालाच गिऱ्हाईक कमी नव्हतं.

"चौकट हवीय," ती म्हणाली. "चांगली मोठी, चौकोनी."

"आरसा बसवायचाय?"

"चित्र. मी काढणार आहे. स्वतः."

सुताराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही तर दाताच्या डॉक्टरकडे पेशंटचे नंबर लावता ना? चित्रं कधीपासून?"

"उद्यापासून," ती म्हणाली आणि हसली.

नवं घर घेऊन सहा-सात महिने झाले होते. घर म्हणजे दोन खोल्या, एक दिवाणखाना आणि एक भलीमोठी पांढरी भिंत. सोफ्यामागची ती भिंत नालुबेगाच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. दवाखान्यातल्या मैत्रिणींकडे भिंतीवर एकेक चित्र लागलेलं, तेही म्हणे घरीच काढलेलं. मोबाइलवर बघायचं, ॲक्रिलिकचे चार रंग आणायचे, मोठाले गोल आखायचे, रंगवायचे, झालं चित्र! तिचा नवरा मुकीबी लॉरी चालवायचा, सरहद्दीवरून सिमेंट आणायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "भिंत सरळ उभी आहे, हेच मला पुरे. वर आणखी काय लावायचं ते तू ठरव."

रंग मिळाले, ब्रश मिळाले. कॅनव्हास मात्र एवढा मोठा कुठल्याच दुकानात नव्हता. तेव्हा तिला गाडीच्या डिकीतल्या लुबुगोची आठवण झाली.

लुबुगो म्हणजे मुतुबाच्या झाडाची साल सोलून, मोगरीने ठोकून ठोकून रुंद केलेलं कापड. विटकरी रंगाचं, मऊ, ओल्या मातीचा आणि धुराचा वास असलेलं. हल्ली त्याच्या पर्सा होतात, टोप्या होतात, चित्रकार त्यावर चित्रंही काढतात. पण मुळात ते मेलेल्या माणसाला गुंडाळायचं कापड. गावी कुणी गेलं, की आप्तांनी एकेक लुबुगो घेऊन यायचं. आणलेलं प्रत्येक कापड मयताच्या अंगावर चढायचं.

डिकीतलं कापड तिच्या वडिलांसाठी आलेलं होतं. वडील शाळामास्तर, गाव मसाकाकडचं. त्यांचा बालपणापासूनचा मित्र सालोंगो, जुळ्यांचा बाप म्हणून सगळं गाव त्याला सालोंगोच म्हणायचं, तो सालीचं कापड ठोकणारा. त्याने मित्रासाठी स्वतःच्या हाताने कापड केलं, पण पुरात रस्ता तुटला आणि म्हातारा पोहोचला तेव्हा मास्तर जमिनीखाली गेले होते. वर सिमेंटही ओतून झालं होतं. सालोंगोने कापड नालुबेगाच्या हातात दिलं. "माझ्या मित्राला पोहोचव," एवढंच म्हणाला. पाऊस लागला होता, दोनशे माणसं जेवायची खोळंबली होती, शिजवलेल्या केळ्यांची, मटोकेची पातेली आली का हे बघायला तिलाच सगळे हाका मारत होते. तिने कापड डिकीत टाकलं. नंतर ते तिच्या मनातूनच गेलं. मुद्दाम नाही. दुःखात माणसाचं होतं तसं झालं.

आता ते तिने उघडून पाहिलं. सुंदर होतं. वडिलांची आठवण रोज डोळ्यांसमोर राहील, असंच तिला वाटलं. यात वाईट काय होतं?

शनिवारी तिने चौकटीवर कापड ताणलं, मागून टाचण्या ठोकल्या, पातळ डिंकाचा हात दिला. कापड सगळं पाणी ओढून घेई, म्हणून तो पुन्हा दिला. मग ताटली उलटी ठेवून गोल आखले. मोहरीचा पिवळा, केळीच्या पानाचा हिरवा, मलईसारखा पांढरा. तिची मुलगी किसाक्ये, चौथीतली, शेजारी पालथी पडून सूचना करत होती. "आई, तो गोल वाकडा झाला." "गोल वाकडा होत नाही." "तुझा झालाय." रविवारी दुपारपर्यंत रंग वाळला, वर चकाकीचा हात बसला आणि चित्र भिंतीवर चढलं. मुकीबी हॉर्न वाजवत घरी आला, दारातच थांबला. "हे तू केलंस?" तो म्हणाला. "मग मी इतकी वर्षं सिमेंट का वाहतोय?" त्या संध्याकाळी नालुबेगा चार वेळा उगाच दिवाणखान्यात गेली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी झाडताना तिला दिसलं, चौकटीच्या खालून कापडाची एक पट्टी डोकावतेय. बोटभर रुंद, कोरी, विटकरी. तिला वाटलं टाचणी सुटली. तिने पट्टी मागे दुमडून पुन्हा टाचली.

दुसऱ्या दिवशी वीतभर कापड लोंबत होतं. रंगवलेले गोल जिथल्या तिथे होते, त्यांचा पापुद्राही हलला नव्हता. त्यांच्याखालून कोरं कापड आलं होतं. ओलसर. नाकाशी धरलं तर ताज्या सालीचा, चिकाचा वास.

"झाडाचीच साल ना," मुकीबी म्हणाला. "पावसाळी हवेत फुगली असेल."

तिने कात्रीने पट्टी कापून टाकली. कात्री आत शिरताना तिच्या दातांतून कळ गेली. दुसऱ्या दिवशी कापलेलं सगळं भरून आलं होतं, वर आणखी तेवढंच.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की रोज उजाडताना तिला एक आवाज ऐकू येतोय. ठक ठक... ठक. दोन लागोपाठ, तिसरा जरा उशिराने. शेजारी इमारत चालू होती, गवंडी लवकर येत असतील असं तिने धरलं होतं. रविवारी मात्र इमारतीवर कुणी नव्हतं. कुलूप होतं. आवाज होता.

ठक ठक... ठक.

"आई," रविवारचे ठेवणीतले कपडे घालून किसाक्ये भिंतीशी उभी होती, हात डोक्यावर सपाट धरून. "बघ, हे माझ्याएवढं झालं!"

नालुबेगाने तिला इतक्या जोरात ओढून बाजूला घेतलं, की पोर रडायला लागली.

त्याच दुपारी तिने योझेफिना आत्याला बोलावून घेतलं. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. लग्न ठरवण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं पोरीला आत्यानेच सांगायचं, ही तिकडची रीत, आणि आत्याला सांगायला आवडायचंही. बुटकी, गोल, तोंडाने फटकळ. बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून उतरली तीच चालकाशी भांडत. आत आली, भिंतीकडे पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं.

"हे कुठलं?"

नालुबेगाने सांगितलं.

"सालोंगोचं? माझ्या भावासाठी आलेलं?" आत्या सोफ्यावर बसली नाही, जमिनीवर बसली. "अगं पोरी, उशिरा आलेलं कापड थडग्यावर पसरतात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी फाडतात. घरात नाही आणत. तू आणलंस, वर त्याला सजवलंस, दिवाणखान्यात मानाने बसवलंस..."

"मला माहीत नव्हतं, आत्या."

"तुला माहीत नव्हतं हे मला माहीत आहे. कापडाला कुठे माहीत आहे?"

मुकीबी दारातून म्हणाला, "जाळून टाकू या ना. पाच मिनिटांचं काम."

"जाळ. मग ते दुसरीकडे वाढेल आणि कुणाच्या मापाने वाढतंय तेही दिसणार नाही तुला."

मुकीबी हसला नाही. लॉरीवाल्याला रस्त्यावरचे बरेच प्रकार ठाऊक असतात. त्याने टाचण्या उपटल्या, कापड चौकटीतून सोडवलं आणि जमिनीवर पसरलं. मग तो किसाक्येला घेऊन बाहेर गेला.

शनिवारी आत्या आणि नालुबेगा कापड घेऊन गावी गेल्या. थडग्यावर पांढऱ्या फरशा होत्या, नातेवाइकांनी हौसेने बसवलेल्या. त्यावर त्यांनी कापड पसरलं. उन्हात पिवळे-हिरवे गोल चकाकत होते आणि नालुबेगाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सालोंगोला निरोप गेला होता. तो काठी टेकत आला, वाकला, कोऱ्या भागावरून हात फिरवला. हात रंगावर आला तसा त्याने मागे घेतला.

"हे माझ्या मित्राचं नाही राहिलं," तो म्हणाला.

"असं नका म्हणू, काका. तुम्हीच आणलं होतंत."

"आणलं तेव्हा होतं. आता यावर तुझ्या घराचा रंग बसलाय. घरानं घेतलेलं कापड घराचंच." मग त्याने कोरी कड चिमटीत धरली आणि बराच वेळ चाचपत राहिला. "ही ठोकलेली कुणी? मी नाही."

नालुबेगाने आवाजाचं सांगितलं. कसा येतो तेही जमिनीवर बोटाने वाजवून दाखवलं. ठक ठक... ठक.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम कोवळा झाला. "पोरपणी आम्ही दोघं एकाच ओंडक्यावर कापड ठोकायचो," तो म्हणाला. "तो झाडावरून पडला, खांदा गेला. तिसरा ठोका नेहमी उशिरा. माझा बाप त्याला शिव्या घालायचा. म्हणून तर तो मास्तर झाला."



"बाबा ठोकताहेत?" नालुबेगाने विचारलं. "माझ्यावर रागावलेत?"

"मेलेल्याला राग नसतो," सालोंगो म्हणाला. "अर्धं काम हाती आलं तर पुरं करतो, बस्स. त्याला कोण सांगणार, थांब म्हणून? मी सांगून पाहीन. पण माझं तो जिवंतपणीही ऐकत नव्हता."

रात्रभर कापड थडग्यावर ठेवलं. सकाळी फाडायला घेतलं तर फाटेना. चाकूही चालेना, ॲक्रिलिकचा थर चामड्यासारखा चिवट झाला होता. आणि लांबीला ते आणखी बोटभर वाढलं होतं. दोघी ते गुंडाळून परत घेऊन आल्या. दुसरं काय करणार होत्या?

मग कापड कुणाच्या मापावर थांबतंय, याची घरात वाट बघणं सुरू झालं. आत्या गेलीच नाही, राहिली. रोज सकाळी आवाज थांबला, की त्या दोघी दिवाणखान्यात कापड पसरायच्या. किसाक्येच्या मापाच्या पुढे ते पहिल्याच दिवशी गेलं होतं. तरी आत्या म्हणायची, "अजून थोडं पुढे जाऊ दे," आणि का ते सांगायची नाही. मग एका सकाळी तिने सुस्कारा सोडला. "सुटली पोर," ती म्हणाली. नालुबेगा न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल धरून रडली. लेक वाचली म्हणून रडली. आणि आपण मनात म्हणतोय, आता दुसरं कुणीही चालेल, म्हणून जास्त रडली.

मग आत्याची पाळी आली. म्हातारी कापडाशेजारी आडवी झाली, हात छातीवर घेतले. "बघ गं, मापात आहे का मी? दादा, इथे थांब. माझं झालंय सगळं जगून. गुडघे दुखतात, दात तुझ्या लेकीच्या डॉक्टरने काढून नेले. थांब की रे!"

दुसऱ्या दिवशी कापड तिच्या पुढे गेलं होतं. आत्याने कापडालाच एक शिवी हासडली.

नंतर ते नालुबेगाएवढं झालं. त्या सकाळी ती मोजायला आडवी झाली, तेव्हा जमीन तिला गार लागली आणि छतावरचा पंखा फार दूर दिसला. तिला मरणाची भीती वाटली, खरीखुरी. तरी ती मनात म्हणत राहिली, बाबा, इथेच थांबा. कारण तिच्या पुढे एकच माप उरत होतं. उंच मुकीबी, दारातून येताना मान वाकवणारा.

बाबा थांबले नाहीत.

"तू जाऊ नकोस," ती मुकीबीला म्हणाली. तो लॉरीची किल्ली घेऊन उभा होता. "एवढी खेप सोड."

"आणि इथे बसून काय करू? कापडाकडे बघत बसू?" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लॉरीत मेलो तर लॉरीत, पलंगावर मेलो तर पलंगावर. मालक दोन्हीकडे माझा पगार कापणारच आहे."

तो गेला. ती फोन हातात धरून बसली. दवाखान्यातही गेली नाही. खिडकीबाहेर गवंडी मोठमोठ्याने गाणी लावून कामं करत होते, दुपारी चपातीत ऑम्लेट गुंडाळलेले रोलेक्स खात होते, आणि तिला त्यांचा हेवा वाटत होता. काहीतरी करता आलं असतं तर तिने केलं असतं. पाय धरायला माणूस असता तर धरले असते. पण ज्याने हे थांबवायचं तो फरशांखाली होता, आणि तो तिच्यावर प्रेम करणारा बाप होता, यातच सगळी पंचाईत होती.

कापड मुकीबीच्या मापावर आलं आणि थांबलं. त्या सकाळी आवाज आला नाही. दुसऱ्याही सकाळी नाही. मुकीबी सरहद्दीवरून धडधाकट परत आला, मासे आणि टोमॅटो घेऊन. नालुबेगाने त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला तो सोडेचना.

शेवटी आत्याने तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"त्याच्यासाठी नको रडूस."

"मापाचं झालंय, आत्या. त्याच्याच."

"नाही." आत्या शेंगदाण्याच्या रश्शात पळी फिरवत राहिली, वर बघितलंच नाही. "माणसाला डोक्यापासून टाचेपर्यंत नेमकं गुंडाळत नाहीत. कापड वरून डोक्यावर दुमडायचं, खालून पावलांवर दुमडायचं. दोन्हीकडे अर्धी-अर्धी वीत जास्त लागते. मी पहिल्या दिवसापासून ते धरूनच मोजतेय. किसाक्येच्या वेळीही तेच धरून थांबले होते. आता कापडातून एक वीत वजा कर..."

नालुबेगाने वजा केली.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

आत्याने पळी ठेवली आणि तोंडाला पदर... छे, तिकडे पदर कुठला, झग्याची बाही लावली. आणि ती फटकळ बाई मुक्याने रडली.

आश्चर्य म्हणजे नालुबेगाला हलकं वाटलं. लेक सुटली होती, नवरा सुटला होता. तिने त्या रात्री भरपेट मटोके खाल्लं. किसाक्येच्या वेण्या घातल्या, वर्षभराच्या शाळेच्या कपड्यांना दोरा घालून वाढती दुमड ठेवली. मुकीबीला कसला डबा आवडतो हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "गप गं." पण ऐकत होती.

शनिवारी मुकीबी पहाटेच खेपेला गेला. उजाडत होतं. नालुबेगा चहा ठेवत होती आणि ठोका पडला.

ठक ठक... ठक.

ती दिवाणखान्यात धावली. कापड पसरलेलंच होतं. लांबी तेवढीच. तिने पुन्हा पाहिलं, लांबी तेवढीच! मग तिची नजर कडेला गेली. डाव्या बाजूला, पिवळ्या गोलाच्या पलीकडे, कोरं विटकरी कापड आलं होतं. ओलं. चिकाच्या वासाचं. रुंदीला ते मुळातच एक माणूस गुंडाळायला पुरेसं होतं. आणखी रुंदी कशाला?

ठक ठक... ठक. तिच्या डोळ्यांदेखत कड पुढे सरकली.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मी आहे ना... झालं ना माझं माप..."

ती कापडावर आडवी झाली. आपल्यालाच ते लागतंय, आपण जरा जाड झालोय, असं काहीतरी तिला बघायचं होतं. तिने उजवी कड अंगावरून ओढून घेतली, मग डावी. कापड तिला पुरं पडून डाव्या कुशीपाशी सैल राहिलं. तिथे पोकळी होती. तिने हाताने दाबून पाहिली, ती बसेना.

खोलीच्या दारात किसाक्ये उभी होती, झोपेने डोळे अर्धे मिटलेले.

"आई, तू इथे का निजलीस?"

"आत जा," नालुबेगा म्हणाली. ओरडायला गेली तर आवाज निघाला नाही. "किसाक्ये... आत जा..."

"मला थंडी वाजतेय," पोर म्हणाली. अनवाणी आली, आईच्या डाव्या कुशीत शिरली आणि कड पाठीवर ओढून घेतली. कड बरोबर पुरली.

ठोका थांबला.